समुद्र ते समुद्र, उजव्या बाजूने

महानगर, लखनऊ

परत येऊन महिना झाला, तरी इथल्या कपूरथला भागातल्या बाजारात भाजी घ्यायला गेले की कुणी ना कुणी विचारतंच, "भाभीजी, यूरोप कैसा रहा?" मी म्हणते, अच्छा रहा. माझा नवरा अविनाश बरोबर असला तर तो लगेच मोबाइल काढून फोटो दाखवायला लागतो. फोटोंत डोंगर आहेत, तळी आहेत, फुलांनी भरलेल्या खिडक्या आहेत आणि जवळजवळ प्रत्येक फोटोत आमच्या लेकीची निळी गाडी आहे. जे फोटोंत नाही ते मी इथे लिहिते आहे. त्याला विचारून लिहिते आहे. "लिही," तो म्हणाला, "पण मला हीरो नको करू, अन् व्हिलनही नको करू." ते कितपत जमलं, हे त्याने वाचून ठरवावं.

कोडी घालायची मला हौस नाही, म्हणून मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते. आम्ही निघालो तेव्हा काचबिंदूमुळे अविच्या उजव्या डोळ्याची नजर जवळजवळ गेलेली होती आणि डाव्यालाही सुरुवात झाली होती. समोरचं त्याला स्वच्छ दिसायचं. पेपर वाचायचा, सुईत दोरा ओवून द्यायचा. पण उजवीकडून येणारं काही त्याला दिसत नव्हतं. हे त्याला ठाऊक होतं आणि मला ठाऊक नव्हतं. आणि उत्तर समुद्रापासून ॲड्रियाटिक समुद्रापर्यंत, पाच देशांतून, गाडी तोच चालवणार होता.

आम्ही दोघंही नागपूरचे, एकाच कॉलेजातले, त्यामुळे अहो-जाहो कधी जमलंच नाही. तो रेल्वेत सिग्नल इंजिनिअर झाला. मी लखनऊच्या एका संशोधन संस्थेत दगडफुलांवर काम केलं, म्हणजे तुमच्या गोड्या मसाल्यात पडतं ते आणि त्याची शेकडो भावंडं. बदल्या संपल्या, घर इथेच झालं. अवि निवृत्त झाल्यावर वर्षभरात मीही झाले. त्याने त्या वर्षभरात घरातले सगळे नळ बदलले, मग शेजाऱ्यांचे बदलले, आणि मग एक दिवस जेवताना जाहीर केलं की एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत गाडी चालवत जायचं आहे. आम्ही दोघंही समुद्रापासून दूर वाढलेले आणि दूरच राहिलेले. मी विचारलं, हे कुठून निघालं? म्हणाला, "जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या सोडल्या. एकदा रुळांशिवाय जाऊन पाहायचं आहे."

सराव लखनऊबाहेर, बख्शी का तालाबकडच्या रस्त्यावर झाला, भल्या पहाटे. तिथेच त्याने मला ते काम लावलं. रेल्वेच्या इंजिनात दोघं असतात. सिग्नल दिसला की सहायक मोठ्याने पुकारतो, "हिरवा", आणि चालवणारा हात दाखवून तेच परत म्हणतो, "हिरवा". एकाची नजर चुकली तर दुसऱ्याची चुकू नये, हा हेतू. अवि म्हणाला, परदेशात रस्त्याची बाजू उलटी, पाट्या वेगळ्या, तेव्हा आपणही तसंच करू. "तू बोर्ड बोलायचा, मी रिपीट करीन. बोर्ड, सायकल, माणूस, जे दिसंल ते. उजवीकडचं तं सगळंच बोल."

दुसरी कुठलीही बायको म्हणाली असती, का रे, तुला दिसत नाही का? पण मी छत्तीस वर्षं रेल्वेच्या घरात काढली आहेत. आमच्याकडे कुकरच्या शिट्ट्यासुद्धा मोजून परत सांगितल्या जातात. मला ते कौतुकाचंच वाटलं. मी एक वहीसुद्धा केली, युरोपातल्या पाट्यांची चित्रं काढलेली.

डेल्फ्ट

लखनऊच्या अमौसी विमानतळावरून दिल्ली, दिल्लीहून ॲमस्टरडॅम, आणि तिथून डेल्फ्टला गौरीच्या घरी. गौरी आमची मुलगी. लखनऊत वाढली, मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीतच देते. तिने गाडीची किल्ली हातात दिली आणि म्हणाली, "पापा, ट्रेन से चले जाओ ना. यहाँ की ट्रेनें कितनी अच्छी हैं."

"ट्रेनच पाहिली नं जन्मभर," अवि म्हणाला.

"तो कम से कम दो दिन रुक के प्रैक्टिस कर लो."

दोन दिवस कसले, तो दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तयार होता. ठरलं असं, की आम्ही रमतगमत बारा दिवसांत खालच्या समुद्राला पोचायचं, गौरीने विमानाने तिथल्या ट्रिएस्ट शहरात यायचं आणि परतताना तिने गाडी चालवायची. "रमतगमत" हा शब्द माझा होता.

जवळच्या स्खेवेनिंगेनच्या किनाऱ्यावर वारा असा की डोळे उघडेनात. दुकानं बंद, वाळूवर एक बाई कुत्र्याला फिरवत होती. अविने बूट न काढताच पाण्यात पाय टाकला, "झाला एक समुद्र" म्हणाला आणि वळून गाडीकडे चालायला लागला. मी अजून पिशवीतून मफलर काढत होते. माझा पहिला उत्तर समुद्र मी मफलरमधून, उलट्या पावलांनी चालत पाहिला.

मोझेल

जर्मनीत शिरल्यावर पहिल्या पेट्रोल पंपावर आम्ही गाडी लावून बसून राहिलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली. अवि कुरकुरायला लागला की यांच्याकडे एवढी माणसं आहेत तर एकही येत का नाही. मागच्या गाडीतला गृहस्थ शेवटी खाली उतरला, आमच्या खिडकीशी आला आणि अतिशय नम्रपणे विचारलं की तुमची तब्येत बरी आहे ना. तेव्हा कळलं की इथे कुणी भैया येत नाही, नळी स्वतःच धरायची असते. अविने नळी धरली आणि बुटांवरही थोडं पेट्रोल सांडून घेतलं. पुढचे दोन दिवस गाडीला त्याचा वास होता.

मोझेल नदी वळणावळणाची आहे आणि दोन्ही बाजूंच्या उभ्या डोंगरांवर द्राक्षांचे मळे. इतक्या चढावर माणसं काम कशी करतात याचं नवल करत मी बोर्ड बोलत होते. "पन्नास." "पन्नास." "उजवीकडे सायकल." "सायकल." "ओव्हरटेक बंद." "बंद." सुरुवातीला हसू यायचं, मग त्याची लय लागली. गाडीची उजवी बाजू आता माझी होती. लखनऊत मी त्याच्या डावीकडे बसते.

मुक्काम हेल्गा नावाच्या एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी होता. नाश्ता आठला, हा त्यांचा नियम. अविला साडेसहाला निघायचं होतं. बाईंनी चेहरा पाडला, पण सकाळी दारात उभ्या राहिल्या, कागदी रुमालात गुंडाळलेली उकडलेली अंडी घेऊन. त्यांनी ती पुडी अविपुढे धरली. तो त्यांच्या हाताला खांदा लावत सरळ निघून गेला. मी ओशाळून पुडी घेतली, चारचारदा आभार मानले आणि गाडीत बसल्यावर त्याला फैलावर घेतलं. "इतकी वर्षं लखनऊत राहून हे शिकलास? तिथे पानवालासुद्धा 'तशरीफ' म्हणतो." तो म्हणाला, "लक्षात नाही आलं." बाई त्याच्या उजव्या हाताला उभ्या होत्या. त्या अंड्यांची मला अजून लाज वाटते, पण आता स्वतःची वाटते.

काळं जंगल

ब्लॅक फॉरेस्ट खरोखर काळं आहे. फरची झाडं एवढी दाट की दुपारीही आत उजेड कमी. रविवार होता. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात हे पुस्तकात वाचलं होतं, पण बंद म्हणजे इतकी बंद असतील असं वाटलं नव्हतं. आम्ही केळी, चिवडा आणि हेल्गाबाईंची अंडी यांवर दिवस काढला. रात्री किटलीत पाणी उकळून पोहे भिजवले आणि त्यावर मेतकूट घातलं. ते तिथे जसं लागलं तसं घरी कधी लागलेलं नाही.

इथे दोन रात्री राहायचं, ही या प्रवासातली माझी एकमेव अट होती. कारण त्या झाडांवरून दाढीसारखी दगडफुलं लोंबतात. पुस्तकांतून त्यांची चित्रं मी आयुष्यभर पाहिली, कोरडे नमुने पाकिटांतून हाताळले, पण ती वाऱ्यावर हलताना कधी पाहिली नव्हती. पहिल्या संध्याकाळी मी भिंग घेऊन एका फांदीपाशी तासभर उभी होते. अवि तेवढ्या वेळात गाडीभोवती फिरला, बॉनेट उघडलं, बंद केलं, चाकांना लाथा मारल्या, परत बॉनेट उघडलं.

"झालं?" त्याने विचारलं.

"आत्ता तर सुरू केलंय."

"सकाळी निघू नं आपण."

"दोन रात्री म्हणाला होतास."

"इथं पाहायचं काय आहे अजून? झाडंच तं आहेत."

निघालो. सकाळी सातला. मी तोंड फुगवून बसले, तरी बोर्ड बोलत राहिले, कारण सुरक्षितता ती सुरक्षितता.

आर्लबर्गच्या पलीकडे

पुढचे पाच दिवस सगळं धावतच झालं, रोज नवं गाव, नवा घाट. बोडन तलावाकाठी एक मासा खाल्ला, उभ्यानेच. ऑस्ट्रियात शिरलो. आर्लबर्गचा बोगदा लांबलचक आहे. आत गेल्यावर अविने स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून धरलं. "बोल, वसू," तो म्हणाला. वसू म्हणजे मी, वसुधा. आत बोलायला फारसं काही नव्हतं, म्हणून मी भिंतीवरचे दिवे आणि थांब्यांच्या पाट्या बोलत राहिले. तो प्रत्येक शब्द परत करत होता आणि त्याच्या कपाळावर घाम होता. मला वाटलं, बोगद्याची भीती. रेल्वेच्या माणसाला बोगद्याची भीती कशी, हा प्रश्न मला पडायला हवा होता.

डोंगर सुंदर होते. पण सुंदर डोंगर खिडकीतून एकामागून एक नुसते जायला लागले की काही वेळाने त्यांचाही राग येतो. लिएन्झला पोचलो तेव्हा माझी कंबर धरली होती. गाव छान होतं, चौकात कारंजं, मागे उभे कडे. मी म्हटलं, उद्याचा दिवस इथे थांबू. तो नकाशा पसरून बसला होता. मान वर न करता म्हणाला, "काहून थांबायचं? इथून समुद्र दोन दिवसांवर आहे."

मला राहवेना. "तुला पोचायचंच आहे फक्त. मग विमानाने जायचं होतंस ना?"

त्या रात्री आम्ही पाठीला पाठ लावून झोपलो.

द्रावचं खोरं

सकाळी मी मौन धरलं. गाडी निघाली, पाट्या आल्या, गेल्या. द्राव नदीच्या काठाकाठाने सायकलींचा मोठा रस्ता आहे, आणि हवा चांगली असल्यामुळे त्यावर बरीच गर्दी होती.

"वसू, बोर्ड?" तो म्हणाला.

"तुला डोळे आहेत नं," मी म्हणाले.

एवढंच म्हणाले. हे वाक्य मी नंतर किती वेळा स्वतःशी म्हटलं असेल, त्याला गणती नाही. दहा मिनिटांनी एका गावात त्याने उजवीकडे वळण घेतलं आणि मला खिडकीच्या अगदी जवळ एक लाल हेल्मेट दिसलं. मी ओरडले. त्याने ब्रेक मारला. सायकल कुंपणाच्या झुडपात शिरली.

ती सत्तरीची बाई होती. मी दार उघडून पोचेपर्यंत ती स्वतःच उठून बसली होती. कोपर खरचटलं होतं, केसांत पानं अडकली होती, पुढच्या टोपलीतला पाव रस्त्यावर पडला होता. अविने सायकल उचलली, पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरलं आणि वाकडं झालेलं हँडल सरळ केलं. बाईने पाव उचलला, झटकला, पुन्हा टोपलीत ठेवला. मी माफी मागत होते. ती मोजक्या इंग्रजीत मला म्हणाली, "त्यांनी माझ्याकडे बघितलं. सरळ बघितलं. तरी त्यांना मी दिसले नाही." तिच्या आवाजात राग नव्हता, ती मला एक माहिती देत होती. मग आमचा नंबर लिहून घेऊन ती सायकल हातात धरून चालत गेली.

आम्ही पुन्हा निघालो. मी परत बोर्ड बोलायला लागले. "पन्नास." "पन्नास." "उजवीकडे ट्रॅक्टर." "ट्रॅक्टर." पण त्या बाईचं वाक्य डोक्यातून जाईना. माझं आयुष्य बघण्यात गेलेलं आहे. एखादी गोष्ट समोर असून दिसत नाही, तेव्हा त्याला काहीतरी कारण असतं. गाव मागे पडलं. उजवीकडे एक लाकडाची वखार आली, सोललेल्या ओंडक्यांचे ढीग, एक चिटपाखरूही नाही.

"उजवीकडे शाळा," मी म्हणाले. "मुलं."

अविने वेग कमी केला. "शाळा," तो म्हणाला. "मुलं."

मी वही मिटली. "गाडी थांबव."

"काहून? टॉयलेट?"

"थांबव, अवि."

त्याने गाडी कडेला घेतली. ओल्या लाकडाचा वास येत होता.

"शाळा कुठे होती?"

"मागे गेली नं."

"नव्हतीच."

तो समोर बघत राहिला. मग त्याने चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"जानेवारीत कळलं."

"ते थेंब? डोळे कोरडे पडतात म्हणून घालतोस ते?"

"तेच."

"डॉक्टर गाडीबद्दल काय म्हणाले?"

"जपून चालवा म्हणाले."

"अवि."

"चालवू नका म्हणाले."

मला इतका राग आला की मी खाली उतरले आणि त्या ओंडक्यांपर्यंत चालत गेले. तिथून परत आले आणि खिडकीतून त्याला बोलले. जे तोंडाला येईल ते बोलले. ती बाई मेली असती तर? एखादं पोर असतं तर? आणि मला न विचारता माझे डोळे वापरलेस, दोन हजार किलोमीटर, आणि मी वही करत बसले. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"विचारलं असतं तं आली असती तू?"

"नसते आले."

"म्हणून नाही विचारलं." मग तो म्हणाला, "डावाही जाईल का, हे कोणी नक्की सांगत नाही. एका जागी बसलो की मी एक डोळा झाकून खिडकी मोजून राहतो, आज किती दिसली, काल किती दिसली होती. गाडी चालून राहिली की तेवढं विसरतो. म्हणून थांबवत नव्हतं, वसू."

मी त्याला लगेच माफ केलं, असं मुळीच नाही. अजूनही पुरतं केलेलं नाही. पण त्या काळ्या जंगलात तो गाडीभोवती का फिरत होता, ते मला कळलं, आणि मला रडू आलं. मी हात पुढे केला. त्याने किल्ली दिली.

मी लखनऊत संस्थेत जायला पंचवीस वर्षं गाडी चालवली आहे, रिक्षा, म्हशी आणि उलट्या बाजूने येणारे स्कूटरवाले यांच्यामधून. तरी त्या रिकाम्या रस्त्यावर पुढच्या गावापर्यंतचे चार किलोमीटर मी वीसच्या वेगाने गेले. वळायचं म्हटलं की दिव्याऐवजी वायपर सुरू व्हायचे.

त्या गावात आम्ही दोन रात्री राहिलो. रविवारी तिथल्या बंद दुकानासमोरच्या मोकळ्या आवारात मी गोल गोल गाडी फिरवत होते आणि अवि कठड्यावर बसला होता. मी बघते आहे हे त्याला कळलं नाही. त्याने डावा डोळा झाकला, मग उजवा. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला.

संध्याकाळी गौरीचा फोन आला. "पापा, गाड़ी ठीक चल रही है?"

मी त्याच्याकडे बघितलं. मी सांगणार नव्हते. ते त्याचं काम होतं.

"मम्मी चालवून राहिली," तो म्हणाला. "मला उजवीकडचं दिसत नाही, बेटा. काचबिंदू आहे. जानेवारीपासून माहीत होतं मला." आणि सायकलवाल्या बाईचंही त्याने सांगितलं, काही न गाळता.

मग गौरी म्हणाली, "आप लोग वहीं रुको. मैं आती हूँ. बस, वहीं रुको."

शहाणपण त्यातच होतं. अवि मान हलवून हो म्हणत होता. त्याचा चेहरा वर्गाबाहेर काढलेल्या मुलासारखा झाला होता. मी त्याच्या हातातून फोन घेतला आणि म्हणाले, "तू ट्रिएस्टलाच ये गं. आम्ही पोचतो." असं का म्हणाले ते मला आजही नीट सांगता येत नाही. राग तर होताच. पण समुद्र दोन दिवसांवर होता.

सोचा

माझ्या मागे नेहमी सात-आठ गाड्यांची रांग असायची. जागा मिळाली की मी बाजूला थांबून सगळ्यांना जाऊ द्यायचे, त्यातले काही जण हात हलवायचे. इटलीचा एक छोटासा कोपरा लागला, तिथे कॉफी प्यायलो. मग प्रेडिलची खिंड चढून स्लोव्हेनियात उतरलो. सोचा नदीचं पाणी निळंही नाही आणि हिरवंही नाही. फोटोत ते खोटं वाटतं, म्हणून अवि तो फोटो कुणाला दाखवत नाही.

शेजारी बसणं त्याला जमत नव्हतं. प्रत्येक वळणाला त्याचा उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबला जायचा. एकदा म्हणाला, "थोडी स्पीड घे, यार." मी नुसतं बघितलं.

नदीकाठच्या कोबारिडला आम्ही पुन्हा दोन रात्री राहिलो. आता घाई करायला त्याच्या हातात काही नव्हतं. तिथे श्त्रुक्ली नावाचा एक पदार्थ मिळतो, कणकेच्या पारीत अक्रोड आणि मनुका भरून उकडलेला, वर लोण्यात परतलेला चुरा. थेट आपल्या उकडीच्या मोदकाचा चुलत भाऊ. अविने सहा खाल्ले. दुपारी तो नदीकाठी दगडावर बसला आणि तब्बल दोन तास उठला नाही. मी शेजारच्या दगडावरची दगडफुलं पाहत होते. एकदा भिंग त्याच्या हातात दिलं. त्याने ते डाव्या डोळ्याला लावलं आणि बराच वेळ बघत राहिला.

"हे वाढते किती?" त्याने विचारलं.

"हे? वर्षाला एखादा मिलिमीटर. तेवढंही नाही."

"बरं आहे," तो म्हणाला.

कोपरचा उतार

शेवटच्या दिवशी आम्ही चुनखडीच्या पठारावरून निघालो. दगडी कुंपणं, लाल माती, बुटकी झाडं. मोठा रस्ता मी टाळला, कारण तिथे सगळे सुसाट जातात. कोपर या बंदराच्या गावाकडे जुना रस्ता नागमोडी वळणांनी उतरतो, तो घेतला. गौरी संध्याकाळी शेजारच्या ट्रिएस्टला पोचणार होती. ती लखनऊच्या डॉक्टरांशी बोलली होती, आणि पुढे काय काय होणार याची कल्पना आम्हाला आली होती. आज सांगायचं तर उजव्याचं काही होणार नाही, डावा थेंबांनी आणि एका छोट्या शस्त्रक्रियेने टिकेल अशी आशा आहे. पण त्या उतारावर आम्हाला एवढंही माहीत नव्हतं.

अवि सरळ समोर बघत बसला होता. मान ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर. एक वळण घेतलं आणि उजवीकडची झाडं अचानक संपली. खाली समुद्र होता. केवढा तरी, दुपारच्या उन्हात चकाकणारा, त्यावर तीन जहाजं. अविच्या खिडकीतून तो पूर्ण भरून दिसत होता. अवि समोर बघत होता.

माझ्या तोंडात शब्द आला होता. तो चालवत होता ते आठ दिवस मी तेच करत होते, जे दिसेल ते त्याला बोलून दाखवत होते, आणि तेव्हा ते करणं भागच होतं. या वेळी मी दात आवळून गप्प राहिले. गाडीचा वेग आणखी कमी केला. मागच्या माणसाने हॉर्न दिला, युरोपात मला मिळालेला तो पहिला हॉर्न. समुद्र मला आधीच दिसला होता, हे मी अविला आजवर सांगितलेलं नाही, हे वाचेल तेव्हा त्याला कळेल.

पुढच्या वळणावर रस्ता पूर्ण उलटा फिरला आणि समुद्र माझ्या बाजूला, डावीकडे आला. मी रस्त्यावरची नजर हलवली नाही.

"वसू," अवि म्हणाला. "समुद्र दिसून राहिला."

"कुठे?" मी विचारलं, आणि त्याने माझ्या नाकासमोरून हात लांब करून मला समुद्र दाखवला.